यादी पुन्हा लावली होती

यादी मी पुन्हा लावली नव्हती. "लावली होती ना, भाऊ?" असं मला साहेबांसमोर सरळ विचारलं गेलं, तेव्हा मी "हो, लावली होती" म्हणालो. माझी चूक एवढी लहान आहे. ती कबूल करायला मला पाच वर्षं लागली आणि त्या पाच वर्षांत एका बाईनं स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास घालवला. म्हणून लिहायला बसलो आहे. लिहून काही भरून निघेल असं मला वाटत नाही.

आमचं ऑफिस नागपूरच्या सदरमध्ये होतं. त्याचं नाव लिहीत नाही, त्या ऑफिसनं माझं काही वाईट केलेलं नाही. घरासाठी नाव नोंदवलेल्या लोकांच्या याद्या ठेवायच्या, कोणाचा नंबर आला ते बघायचं आणि त्याला पत्र पाठवायचं, हे आमचं काम. मी लागलो तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, नुसती कार्डं चाळणारी यंत्रं होती. पुढे मोठी मशीन आली. तिच्यासाठी वेगळी खोली झाली, खोलीला एअर कंडिशनर लागले. आम्ही दाराशी चपला काढून आत जायचो. मे महिन्यात अख्ख्या ऑफिसात तेवढी एकच जागा थंड असायची. त्यामुळे आत काम असलेल्या आम्हा चार लोकांकडे बाकीचे जरा वेगळ्या नजरेनं बघत. ते मला आवडायचं, हेही सांगून टाकतो.

मोठी मशीन कोबॉल या भाषेत चालायची. प्रोग्राम आधी चौकटींच्या कागदावर लिहायचा. तो पंचिंग सेक्शनला द्यायचा. तिथल्या बाया एकेक ओळ एकेका कार्डावर भोकं पाडून उतरवायच्या. मग कार्डांचा ट्रे मशीनवर द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी छापील कागद हातात यायचा. एखादा पूर्णविराम राहिला असेल तर पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा एक दिवस. या रीतीत मी पंधरा वर्षं काढली. काम म्हणजे असंच असतं, जड आणि हळू, असं माझं पक्कं मत झालं होतं.

ऐंशी सालानंतर कधीतरी साहेबांच्या केबिनबाहेर टेबलावर एक छोटी मशीन आली. टीव्हीएवढी. तिची भाषा बेसिक. ओळ टाइप केली की तिथल्या तिथं उत्तर पडद्यावर. आम्ही कोबॉलवाले तिला खेळणं म्हणायचो. तिच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर असायचं आणि साहेब सोडून कोणी ते काढत नसे.

ते कव्हर रोज काढायला लागली ती पंचिंग सेक्शनमधली एक बाई. सावनेर तालुक्यातल्या खाप्याहून रोज एसटीनं येणारी, वडील हातमागावर लुगडी विणणारे. मॅट्रिकनंतर टायपिंग शिकून लागलेली. सहा बायांत तिचा हात सगळ्यांत वेगवान आणि तिच्या कार्डांत चूक जवळजवळ नसायची. जेवणाच्या सुट्टीत डबा पंधरा मिनिटांत संपवून ती त्या मशीनपुढे बसायची. मांडीवर मशीनसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण पुस्तकातली उदाहरणं जशीच्या तशी टाइप करून, मग एकेक शब्द बदलून काय होतं ते ती बघायची.

एकदा जाता जाता मी विचारलं, "काय करून राहिल्या, बाई?"

"काई नाई भाऊ. याले विचारून राहिली, साडेपाचची एसटी भेटन का म्हणून."

"मग काय म्हणते?"

"सिंटॅक्स एरर म्हनते."

तिच्या मागं उभ्या असलेल्या दोघी जणी हसल्या, मीही हसलो. त्या वेळी तिच्याविषयी माझ्या मनात वाईट काही नव्हतं. ती पंचिंगमध्ये आणि मी प्रोग्रामर, एवढं अंतर मला पुरेसं वाटत होतं.

वर्षभरात तिनं एक प्रोग्राम लिहिला. खिडकीवर माणूस आला, अर्जाचा नंबर सांगितला की त्याचं नाव, गाव आणि यादीतली जागा पडद्यावर. यादी लांबलचक होती. एकेक नाव बघत गेलं तर छोट्या मशीनला फार वेळ लागायचा. म्हणून तिनं असं केलं: आपण टेलिफोनच्या डिरेक्टरीत नाव शोधताना पुस्तक मधोमध उघडतो, हवं ते अक्षर पुढं आहे की मागं ते बघतो आणि अर्धं पुस्तक सोडून देतो. मग उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, पुस्तकात एका कोपऱ्यात होतं. साहेबांनी ते चालताना बघितलं आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसले.

त्या वर्षी प्रोग्रामरची एक जागा निघणार होती. पंचिंगमधून प्रोग्रामर झालेलं आमच्याकडे तोवर कोणी नव्हतं. खात्यातल्या माणसाला वयाची अट पस्तीसची, ती तेव्हा बत्तीसची. अशी जागा पुन्हा कधी निघेल ते कोणालाच सांगता आलं नसतं. साहेब माझ्यासमोर तिला म्हणाले, "हे काम मोठ्या मशीनवर नीट चालवून दाखवू. चाललं, तर मी तुमचं नाव लिहून पाठवतो. बाकीचं माझ्यावर सोडा." ती "हो जी" एवढंच म्हणाली आणि उठून पंचिंगमध्ये गेली. तिथून एकदम बायांचा गलका ऐकू आला.

मोठ्या मशीनवर बेसिक चालत नव्हतं. साहेबांनी कुठल्याशा ट्रेनिंगहून एक टेप आणली होती. त्या टेपमधला प्रोग्राम मोठ्या मशीनमध्ये भरला की तो दुभाष्यासारखा मध्ये बसायचा: बेसिकची एक ओळ वाचायची, मशीनला तिच्या भाषेत सांगायची, मग पुढची ओळ. प्रोग्राम पुन्हा कोबॉलमध्ये लिहायची गरज नाही. साहेबांना ते फार सोयीचं वाटत होतं. मला ते पटलं नव्हतं. दुभाष्या तीच ओळ शंभरदा आली तर शंभरदा नव्यानं वाचायचा, मशीन घुम्यासारखी बसून राहायची, आणि रोजच्या कामाच्या टेपा थांबायच्या. मी तसं सांगितलंही. खरं कारण वेगळं होतं. ज्या मशीनजवळ मी चपला काढून जात होतो, तिथं एक पंच ऑपरेटर खेळण्यातल्या भाषेत लिहिलेलं काही घेऊन येणार होती.

ते चालवून दाखवण्याची जबाबदारी साहेबांनी माझ्यावर टाकली.

तिनं सगळी यादी छोट्या मशीनवरून क्रमानं छापून घेतली. पंचिंगच्या बायांनी ती कार्डांवर उतरवली. प्रोग्रामही तिनं स्वतःच पंच केला. मग एक वही आणून माझ्या टेबलावर ठेवली. पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: मोठ्या मशीनवर यादी तिथंच पुन्हा क्रमाने लावून घ्यावी, मग शोध चालवावा. खाली दहा अर्जांचे नंबर, तपासून बघायला.

"पुन्हा काहून लावायची?" मी म्हणालो. "तुम्ही क्रमानंच छापली ना?"

"छापली जी. पन मोठ्या मशीनच्या याद्या मी दहा वर्ष पाहून राहिली भाऊ. तिच्यात अक्षरवाले नंबर आधी येतेत, आकडेवाले मंग. छोटीवर आकडे आधी. तालुक्यायचे नंबर अक्षरवाले हायेत ना आपले."

हे मलाही माहीत होतं. नागपूर शहरातल्या अर्जांचे नंबर नुसते आकडे असायचे. तालुक्यातून आलेल्या अर्जांना मागे कोणा हेडक्लार्कनं पुढं इंग्रजी अक्षर लावायची पद्धत पाडली होती: काटोलला के, सावनेरला एस. आणि मोठी मशीन अक्षरांना आकड्यांच्या आधी धरते, हे पंधरा वर्षं तिच्याजवळ काढलेल्या माणसाला माहीत नसेल कसं? पण कधी त्यानं माझं काही अडलं नव्हतं. आमच्या सगळ्या याद्या मोठ्या मशीनवरच लावल्या जायच्या आणि तिथंच वाचल्या जायच्या. दोन मशीनींचे दोन क्रम एका कामात पहिल्यांदाच एकत्र येत होते. हे माझ्या आधी तिच्या लक्षात आलं होतं.

मी "बरं" म्हणालो.

यादी मोठ्या मशीनवर लावायला तीन टेपा मोकळ्या लागत, पाऊण तास मशीन लागे आणि त्यासाठी वेळेची चिठ्ठी भरावी लागे. चिठ्ठीवर गुरुवार मिळत होता. मुंबईचे मोठे साहेब मंगळवारी येणार होते आणि आमच्या साहेबांना त्यांच्यासमोर हे चालवायचं होतं. ही सगळी कारणं खरी आहेत. पण मी साहेबांकडे जाऊन "गुरुवारपर्यंत थांबा" म्हणालो असतो तर ते थांबले असते. मी गेलो नाही, कारण मग सांगावं लागलं असतं की वहीत अशी सूचना आहे, ती बाईंची आहे आणि बरोबर आहे.

सोमवारी दुपारी मी दहापैकी पहिले चार नंबर चालवले. चारही शहरातले होते, चारही सापडले. दुभाष्यानं इतका वेळ घेतला की पाचव्याला मी कंटाळलो. तपासणीच्या कागदावर "तपासले" लिहून सही केली.

मंगळवारी मुंबईचे साहेब आले, खिडकीवरचे दोनचार नंबर विचारले, सगळे शहरातले. उत्तरं आली. त्यांनी चहा घेतला, वा वा म्हणाले. बुधवारी पूर्ण यादीवर प्रोग्राम चालवला आणि ज्यांच्या नावाची पुन्हा पडताळणी करायची होती त्या सगळ्यांना पत्रं छापून गेली. ज्यांचा नंबर सापडला त्यांना एक पत्र आणि न सापडलेल्यांना दुसरं: आपला अर्ज आमच्या नोंदीत आढळत नाही.

पुढच्या सोमवारपासून माणसं यायला लागली. सगळी तालुक्यांतली. काटोलची, सावनेरची, बसनं आलेली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली पावती. खिडकीवरच्या क्लार्कला आवरेना. त्यात खाप्याचा एक म्हातारा होता, तोही मागावरचाच माणूस. तो खिडकीवर न थांबता सरळ आत आला आणि पंचिंग सेक्शनच्या दारात उभा राहिला. तिच्या वडिलांना तो ओळखत होता.

"पोरी, तूच हायस ना वं त्या काम्प्युटरवर?"

"काय झालं, बाबा?"

"झालं काय म्हनतेस? आठ वर्षं झाली अर्जाले. तुही मशीन म्हनते हा मानूसच नाई." त्यानं पावती तिच्या टेबलावर ठेवली. "मी तं हावो. पाय बरं, दिसून राहिलो का नाई?"

एक दोन बाया हसल्या. तो हसला नाही. "गावात लोक म्हनून राहिले, कोष्ट्याच्या पोरीनं आपल्याच गावाले कापलं. मी म्हनलो, तशी नाई ते. मले खोटं पाडू नोको."

मी दारातच होतो. पावतीवरचा नंबर एसनं सुरू होत होता. त्या क्षणी मला सगळं कळलं. प्रोग्राम यादी मधोमध उघडत होता, तिथं एखादा आकडेवाला नंबर होता. मोठ्या मशीनच्या हिशेबानं एस त्याच्या आधी यायला हवा, म्हणून तो वरच्या अर्ध्यात शोधत होता. आणि एसवाले सगळे छोट्या मशीनच्या क्रमानं तळाशी बसलेले. प्रोग्राम म्हाताऱ्याकडे पाठ करून त्याला शोधत होता. यादी पुन्हा लावली असती तर हे झालंच नसतं.

अर्ध्या तासानं साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. तिनं वही मागितली नाही. वही माझ्या खणात होती. तिचा चेहरा उतरला होता, पण बोलणं सरळ होतं.

"साहेब, यादी पुन्हा लावल्याशिवाय असं होऊ शकते," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "लावली होती ना, भाऊ?"

तिच्या विचारण्यात संशय नव्हता. मी तिच्यापेक्षा जुना माणूस होतो, मशीनच्या खोलीतला माणूस होतो. एक शक्यता काढून टाकावी म्हणून तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो, "लावली होती."

"मंग माह्याच प्रोग्राममधे काई असन," ती म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"बेसिक मुळात या कामाची भाषा नाही," मी म्हणालो. "दुभाष्या मध्ये असला की काय होईल सांगता येत नाही. मी कोबॉलमध्ये लिहून देतो. तीन आठवडे द्या."

हे बोलताना माझा आवाज शांत होता, हे मला आठवतं. तेच मला सगळ्यांत जास्त टोचतं.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी भरून यादी मोठ्या मशीनवर लावून घेतली. कोणी बघत नसताना तिचा प्रोग्राम, एक ओळही न बदलता, त्या यादीवर चालवला. दहाच्या दहा नंबर सापडले. म्हाताऱ्याचाही. मी छापलेला कागद घडी करून पिशवीत घातला आणि घरी नेऊन फाडला. मग तीन आठवडे बसून तेच काम कोबॉलमध्ये लिहिलं. तालुक्यांतल्या लोकांना दिलगिरीची पत्रं गेली, नोंदी नीट झाल्या. साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं.

प्रोग्रामरच्या जागेसाठी तिचा अर्ज साहेबांनी पुढं पाठवला नाही असं नाही. पाठवला. पण नियमाप्रमाणे माझा अभिप्राय लागत होता. मी दोन ओळी लिहिल्या: कामात मेहनती, यंत्राची व भाषेची पुरेशी जाण नाही, यादीच्या प्रसंगी हे दिसून आले. जागा बाहेरच्या एका मुलाला मिळाली. बातमी आली त्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला नेहमीच्या एसटीनं गेली. दुसऱ्या दिवशीपासून जेवणाच्या सुट्टीत ती छोट्या मशीनपुढे बसली नाही. कव्हरवर धूळ बसायला लागली. मी रोज तिथून जायचो.

दोनेक वर्षांनी कार्डं बंद झाली. आकडे पडद्यावरच भरायला लागले, पंचिंग सेक्शन मोडला. बाया वेगवेगळ्या ठिकाणी गेल्या. तिला रेकॉर्ड सेक्शन मिळाला, तळमजल्यावर, फायलींच्या रॅकांमध्ये. मी वर गेलो, ती खाली गेली. जिन्यात भेट झाली की ती "नमस्कार भाऊ" म्हणायची. मी मान हलवायचो.

मी हे कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. सांगायचं ठरवून मी कितीदा उठलो, हे आता मोजण्यात अर्थ नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, आता ते जुनं झालं, तिलाही विसर पडला असेल. ही समजूत मी मुद्दाम जपली. माणूस थकतो तो कामानं थकतो असं म्हणतात. मी या एका गोष्टीभोवती फिरून फिरून थकलो होतो. संध्याकाळी घरी गेलो की मुलांशीही बोलवत नसे.

गेल्या वर्षी छोट्या मशीनी खूप आल्या. प्रत्येक सेक्शनला एक. त्या चालवायला आणि प्रोग्राम लिहायला खात्यातल्याच माणसांतून तिघांना घ्यायचं ठरलं. चांगलं रेकॉर्ड असेल तर वयाची अट सैल करायची मुभा होती. निवड समितीत मी होतो. अर्जांच्या गठ्ठ्यात तिचा अर्ज निघाला तेव्हा मला धक्का बसला. ती अजून अर्ज करील असं मला वाटलं नव्हतं. सदतीस वर्षांची झाली होती. अर्जात अनुभवाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं: बेसिक, स्वतः शिकलेले.

अध्यक्षांनी तिची सर्व्हिस फाइल उघडली आणि माझ्याच दोन ओळी मोठ्यानं वाचल्या. "यंत्राची व भाषेची पुरेशी जाण नाही." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे तुमचंच अक्षर ना? मग वय सैल करायचा प्रश्नच येत नाही."

मी म्हणालो, "ते खोटं आहे."

"काय खोटं आहे?"

मी सांगितलं. वहीतली सूचना, चार नंबर, सही, केबिनमधलं "हो". पाच मिनिटंही लागली नाहीत. एक जण खिडकीबाहेर बघायला लागला. अध्यक्षांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "अहो, पाच वर्षांनी हे सांगून मी काय करू? फाइलमध्ये आहे ते आहे. तुम्ही लेखी द्या, वरती पाठवतो. पण निवडीची यादी आज जायची आहे."

मी लेखी दिलं. त्या दिवशीची यादी तिच्या नावाशिवाय गेली. माझ्या कागदावर चौकशी झाली, मला ताकीद मिळाली, तिच्या फाइलमधल्या दोन ओळी चार महिन्यांनी लाल शाईनं खोडल्या गेल्या. पण ते नंतर. त्या दिवशी समिती उठल्यावर मी वर माझ्या जागेवर न जाता खाली रेकॉर्ड सेक्शनमध्ये गेलो. दुपारचे साडेतीन झाले असतील.

ती एका फाइलीला टॅग बांधत होती. शेजारी दोन क्लार्क होते.

"या भाऊ," ती म्हणाली. "कोनती फाइल पायजे?"

"फाइल नको. तुमच्याशी बोलायचं आहे. पाच वर्षांपूर्वीच्या यादीबद्दल."

तिनं टॅगची गाठ पूर्ण केली. "त्याचं काय? तुमाले सापडलं का?"

"काय?"

"चूक." तिनं टेबलाचा खण उघडला. आत पाठकोऱ्या कागदांचा एक गठ्ठा होता, कडा मऊ झालेल्या. तिचाच प्रोग्राम, हातानं पुन्हा लिहिलेला, आणि पानोपानी आकडेमोड: यादी इथं उघडली, इथं आकडा मोठा, इथं अर्धं सोडलं. "मी अजूनबी पाहून राहिली मधातमधात. कागदावर चालवतो तं बरोबर येते. एसवाला नंबर घ्या का केवाला घ्या. दर वेळी सापडते. मंग मशीनवर काहून नाई सापडला? काहीतरी मलेच समजून नाई राहिलं." ती थोडी हसली. "आज अर्ज पाहनार होते ना, म्हनून काल पुन्हा काढलं. कोनी विचारलं तं सांगता यावं म्हनून."

मी उभाच होतो. दोन्ही क्लार्क ऐकत होते आणि मी त्यांना बाहेर जा म्हणालो नाही. तिला चारचौघांत कमी ठरवलं होतं, त्यामुळे हेही चारचौघांतच व्हायला हवं होतं.

"तुमच्या प्रोग्राममध्ये चूक नव्हती," मी म्हणालो. "कधीच नव्हती. यादी मी पुन्हा लावली नव्हती. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं आणि मी खोटं बोललो. दुसऱ्या दिवशी यादी लावून मी तुमचाच प्रोग्राम चालवला, दहाच्या दहा सापडले. तो कागद मी फाडला. तुमच्या फाइलमध्ये वाईट लिहिलं ते मी. आजची जागा गेली तीही त्यामुळंच."

ती कागदांकडे बघत होती. एकेक पान तिनं उलटलं, जसं कोणी दुसऱ्याचं लिहिलेलं बघावं.

"दहाच्या दहा?" तिनं विचारलं.

"दहाच्या दहा."

"तुमाले तवाच माहीत होतं?"

"हो."

"आन् मी पाच वर्षं..." तिनं वाक्य सोडून दिलं. मग वर बघून म्हणाली, "भाऊ, मी तुमालेच काहून विचारलं, माहीत हाय? साहेबाले नाई विचारलं. म्हनलं, या मानसाले मशीन समजते."

मला बसायला कोणी सांगितलं नव्हतं, मी बसलो नाही. हात जोडले. "बाई, मला माफ करा," मी म्हणालो. "मशीन तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त समजत होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. आणि तेच मला सहन झालं नाही."